सोनियाच्या पाच बाटल्या

१

सोनिया सरगर गुरुवारी दुपारी सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात वारली, आणि शुक्रवारी सकाळी इस्लामपुरात डॉ. प्रांजल शिराळकरांच्या दवाखान्याच्या काचा फुटल्या.

दोन जीप भरून माणसं आली होती. सगळ्यांच्या पुढं सोनियाचा नवरा विश्वजीत. तीन पायऱ्या एका उडीत चढून तो दाराशी आला आणि हातातला दगड उगारून ओरडला, "माझ्या बायकूला मारलं हिनं! भाईर काढा त्या डॉक्टरणीला!"

दारात सयाजीमामा उभे होते. सयाजी इंगवले. उंब्रजजवळच्या खेड्यातले, फौजेच्या वैद्यकीय दलात अठ्ठावीस वर्षं काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गेली सहा वर्षं ते या दवाखान्याचा वॉर्ड सांभाळत होते. त्यांनी विश्वजीतचं मनगट हवेतच धरलं. त्या हाताच्या पाठीवर चार-पाच बारके, गोल, काळसर डाग होते. मामांना ते दिसले, पण मागून आलेला दुसरा दगड खिडकीवर बसला आणि काच अंगावर आली, तेव्हा डागांचा विचार करायला वेळ नव्हता.

पोलीस आले, जमाव पांगला, आणि संध्याकाळपर्यंत डॉक्टरांवर हलगर्जीपणाची तक्रार दाखल झाली.

पंधरा-वीस दिवसांनी डॉ. प्रांजलनी मामांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. जेमतेम चौतिशीतली ती बाई एवढ्या दिवसांत दहा वर्षांनी म्हातारी दिसायला लागली होती.

"मामा, सोनिया आठवते ना आली होती तशी?"

मामांना चांगली आठवत होती. विट्याजवळच्या गावची, चोवीस वर्षांची पोर. ताप, दोन्ही मनगटं आणि घोटे ठणकणारे, उजवा गुडघा नारळाएवढा सुजलेला. हातापायांवर सात-आठ फोड, मध्ये काळे पडलेले. गावाकडं कुणीतरी संधिवाताच्या गोळ्या दिल्या होत्या. डॉक्टरांनी गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं आणि रोग सापडला. परमा. नवरा-बायकोच्या संबंधातून येणारा हा रोग बहुतेकांचा खालीच राहतो. पण एखाद्याच्या अंगात त्याचा जंतू रक्तात उतरतो, सांध्यांत जाऊन बसतो आणि कातडीवर फोड आणतो.

औषध मात्र साधं होतं. सेफ्ट्रियाक्सोनचं एक ग्रॅमचं इंजेक्शन, दिवसातून एकदा, निदान सात दिवस. दोन दिवसांत ताप गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी सोनिया कुणाचा हात न धरता चालली. आणि त्याच दिवशी तिची सासू भामाबाई हट्टाला पेटली, "घरी न्हेतो." डॉक्टरांनी सात दिवस राहा म्हणून परोपरीनं सांगितलं. शेवटी उरलेल्या पाच इंजेक्शनांच्या बाटल्या आणि सगळं लिहिलेला कागद देऊन त्यांना सोडावं लागलं. गावचा कंपाउंडर रोज एक टोचणार, असं ठरलं.

"हा शवविच्छेदनाचा अहवाल," डॉक्टर म्हणाल्या. "जंतूनं तिच्या हृदयाची झडप खाल्ली होती. तोच जंतू. आणि हा प्रयोगशाळेचा कागद. तो जंतू आपल्याच औषधानं मरतो. सहज मरतो."

"मग औषध खोटं आसंल."

"मलाही तेच वाटलं. पण कंपाउंडरनं पाचही रिकाम्या बाटल्या स्वतःहून पोलिसांना दिल्यात. आत राहिलेला अंश तपासला. औषध अस्सल आहे. बुचांना सुई टोचल्याची भोकं आहेत. मी दिलेली दोन, घरी दिलेली पाच. सात इंजेक्शनं अंगात गेली असती, तर हा जंतू जिवंत राहायलाच नको होता, मामा."

मामांनी दोन्ही कागद पुन्हा पुन्हा पाहिले. औषध खरं होतं, बाटल्या रिकाम्या होत्या, जंतू त्याच औषधाला मरणारा होता. आणि पोर मेली होती.

"मग त्या पाच बाटल्यांतलं औषध गेलं कुठं?" मामांनी विचारलं.

२

दुसऱ्या दिवशी मामा विट्याला जाणाऱ्या एसटीत बसले. वाटेत त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. सरगरांच्या गावाहून इस्लामपूरला येताना विटा लागतं. विट्यात दवाखान्यांना तोटा नाही. तापानं फणफणलेली सून घेऊन ही माणसं एवढ्या लांब आली होती, ती ओळखीचं कुणी भेटू नये म्हणूनच. म्हणजे रोग काय आहे, याचा अंदाज घरात कुणाला तरी आधीपासून होता.

कंपाउंडर आकारामचा दवाखाना म्हणजे ग्रामपंचायतीच्या शेजारची एक खोली. आकाराम पन्नाशीचा, कपाळाला भंडारा लावलेला. मामांनी ओळख सांगितली तसा तो घाईघाईनं बोलायला लागला.

"सुभेदार, माजं काय चुकलं न्हाई. पाच दिवस, पाच इंजेक्शनं, माज्या हातानं टोचली. बिरोबाची आण घिऊन सांगतो."

"मी कुठं चुकलं म्हणतोय? कशात कालवत हुतास औषध?"

"पैल्या दिशी नुसत्या पाण्यात. पर लय कालवा झाला, गल्ली गोळा व्हायची पाळी. मग दुसऱ्या दिसापासनं बधिर करायच्या औषधात कालवलं. तरीबी दुखतंच की ते, मांसात जातंय म्हनल्यावर."

मामांना हे माहीत होतं. फौजेत त्यांनी धट्टेकट्टे जवान या इंजेक्शनाला बोंबलताना पाहिले होते. दवाखान्यात सोनियाला ते सलाइनच्या नळीतून, शिरेत दिलं होतं. घरी मात्र कमरेतच द्यावं लागणार.

"सोनिया लय रडली का?"

आकारामनं चहाचा कप तोंडाला लावला, खाली ठेवला. "दुखतंच की कुणालाबी," तो म्हणाला.

"मी सोनियाचं इचारतोय."

"आवं, पेशंट हुतं माजं. किती जनांचं ध्येनात ठिवू?"

पाच दिवस रोज ज्या घरी गेला, ज्या घरची सून तीन आठवड्यांत मेली, तिथलं त्याला आठवत नव्हतं. मामा उठले तेव्हा मागून आकारामचा आवाज आला, "सुभेदार, त्या घरी जाऊ नगा. भामाबाई लय वंगाळ बाई हाय."

३

सरगरांचं घर गावात सगळ्यात उंच होतं. विश्वजीत मदुरैला गलाईचं दुकान चालवायचा, सोनं गाळून शुद्ध करायचं. वर्षातले नऊ महिने तिकडं, तीन महिने इकडं. अंगणात त्याची मोटारसायकल उभी होती.

भामाबाई ओट्यावर बसली होती. साठीची, धिप्पाड, आवाजात धार.

"डॉक्टरणीनं पाठिवलं व्हय तुमास्नी? माफी मागाय?"

"माफी न्हाई, आक्का. चार गोष्टी इचारायच्यात."

"काय इचारताय? सून माजी गेली. आन् जाताना नाव घालवून गेली. कसला रोग हुता ते म्हाईत हाय की तुमास्नी. माजा पोरगा तिकडं मदुरैला, ही हितं. मग रोग कुणी आणला, सांगा की!"

"गावात हेच सांगिटलं तुमी?"

"खरं त्येच सांगिटलं."

माडीच्या जिन्यावरून कुणीतरी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आलं. विश्वजीत. मामांना पाहून तो थबकला, मग खांबाशी उकिडवा बसला, दोन्ही गुडघे पार मिटून. मामा त्याच्याकडं बघत राहिले. सोनियाला घरी न्यायला आला, तेव्हा हाच माणूस डाव्या गुडघ्याला पट्टी बांधून भिंतीला धरून चालत होता.

"गुडघा बरा झाला जनू."

"कसला गुडघा?"

"त्या दिशी पट्टी हुती."

"हां, ते व्हय." विश्वजीतनं अंगणाकडं हात केला. "गाडीवरनं पडलो हुतो. खडीवर घसरली."

"ह्याच गाडीवरनं?"

"दुसरी कुटली?"

निघताना मामा गाडीला वळसा घालून गेले. डावीकडचा आरसा शाबूत. पायाची दांडी सरळ. इंजिनवर, टाकीवर, कुठंही खडीचा एक ओरखडा नव्हता. जो डाव्या गुडघ्यावर आपटला, त्याची गाडी हवेत तरंगली होती की काय!

मामांच्या डोळ्यांसमोर दगड धरलेला तो हात आला. बारके, गोल, सुटे डाग. खडीवर घासलेला हात असा दिसत नाही. असे डाग फोड सुकल्यावर राहतात.

म्हणजे सोनियाचा रोग याच्याही अंगात भिनला होता. गुडघ्यात आणि कातडीत, अगदी तसाच. पण फौजेत मामा एक गोष्ट पक्की शिकले होते. हा रोग लपवला जातो, पण सांध्यात उतरला की आपणहून बरा होऊन दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरत नाही.

ते फाटकापाशी पोचले तेव्हा भामाबाई मागून म्हणाली, "जाताय तर ऐकून जावा. म्होरल्या सोमवारी आमच्या विश्वजीतचा साखरपुडा हाय. सोनियाची धाकटी भन देत्यात आमास्नी. थोरलीनं जे केलं, ते धुवून काढायचंय त्यास्नी."

४

सोनियाचं माहेर आटपाडीच्या बाजूला, माळावर. मामा पोचले तेव्हा तिचा बाप अर्जुना मेटकरी मेंढरांच्या वाड्यासमोर बसला होता. मामांनी दवाखान्याचं नाव काढताच त्यानं मान फिरवली.

"तिचं नाव ह्या दारात काढू नगा."

"अर्जुनदा, तुमची पोर कशी मेली ते—"

"कशानं मेली ते साऱ्या मुलखाला ठाव झालंय. जत्रंत तोंड दावायची सोय ऱ्हायली न्हाई. त्या मानसांनी मोठं मन करून धाकटीला पदरात घेतलं म्हनून बरं. तुमी जावा."

आतल्या दारात अर्जुनाची बायको अंजना उभी होती. तिच्यामागून एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली, मामांना पाणी दिलं आणि त्यांच्याकडं नीट पाहून घेतलं. ती पूजा. वीस वर्षांची, विट्याच्या कॉलेजात शिकणारी, सोमवारी जिचा साखरपुडा होता ती.

मामा सडकेला लागले, अर्धा मैल गेले, आणि मागून धावत येणाऱ्या पावलांचा आवाज आला.

"आवं मामा, थांबा!" पूजाला धाप लागली होती. "तुमी ताईला बघितलंय ना? तुमच्याच वॉर्डात हुती ती. ताई तशी नव्हती. दाजी दिवाळीला मदुरैवरनं आले, आन् पंधरा दिसांनी ताई आजारी पडली. म्या बाला सांगिटलं तर बानं मारलं मला."

"मला पटतंय, पोरी. पर पटून भागत न्हाई. पुरावा पायजे. घरी गेल्यावर ती तुझ्याशी बोलली हुती?"

"फोनवर बोलायला तिथं मोकळीक नव्हती. मेसेज करायची. आवाजातले." तिनं मोबाइल काढला. "म्या रोज ऐकते. रडायसाठी ऐकते. त्यात काय हाय ते मला कळलं न्हाई."

सडकेच्या कडेला, बाभळीच्या विरळ सावलीत उभं राहून मामांनी मेलेल्या मुलीचा आवाज ऐकला. आवाज हलका होता, बरं वाटायला लागलेल्या माणसाचा.

"पूजे, आज तिसरं इंजेक्शन झालं बघ. लय पिवळंधमक असतंय गं ते, आन् वास कसला येतोय! लघवी तर हळदीच्या पान्यागत हुतीया. म्या भ्याले. तर आमच्या सासूबाई म्हणत्यात, रोग भाईर पडतोय."

मामांनी पूजाच्या हातातून मोबाइल घेतला आणि तोच मेसेज पुन्हा ऐकला. मग बाभळीच्या बुडाशी बसून तिसऱ्यांदा ऐकला.

"काय झालं, मामा?"

"ते औषध पान्यात कालवलं की फिक्कं दिसतंय, पोरी. त्याला असला वास न्हाई, आन् त्यानं लघवी हळदीवानी पिवळी हुत न्हाई. पिवळंधमक इंजेक्शन एकच. ताकदीचं. बी-कॉम्प्लेक्स. अशक्त मानसाला देत्यात ते." मामांचा आवाज खाली गेला. "तुझ्या ताईला पाच दिवस नुसती ताकदीची इंजेक्शनं टोचली."

५

पूजानं मोबाइल परत घेतला. मग म्हणाली, "आजून एक हाय. दुसऱ्या दिशीचा."

"लाव."

आधी सोनियाचं हसू ऐकू आलं.

"आगं, माजं कायबी दुखत न्हाई. मुंगी चावल्यागत. ह्यांचंच बघ. गाडीवरनं पडल्याती, तर आकाराममामा त्यास्नीबी इंजेक्शन देत्यात, माडीवर. काल असं वरडले, मला खाली चुलीपाशी ऐकू आलं! म्या भाकरी थापत हुते, हसूच आलं बघ मला. पर पूजे, एक चांगलं झालं. डॉक्टरबाईंनी मला एकटीला बसवून सांगिटलं हुतं, तुझ्या नवऱ्यालाबी तपासून औषध द्याया पायजे, त्येच औषध, न्हाईतर त्यांचंबी असंच हुईल. म्या घरी आल्या-आल्या ह्यांस्नी सांगिटलं. पैल्यांदा वरडले. मग सासूबाईंशी कायतरी बोलत बसले. जातील बघ आता दवाखान्यात."

मेसेज संपला. माळावर वारा तेवढा ऐकू येत होता.

मामांनी डॉक्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"मी तिला म्हणाले होते," डॉ. प्रांजल म्हणाल्या. "तेच औषध नवऱ्यालाही लागेल. माझेच शब्द आहेत ते, मामा."

"तुमी बरोबर सांगिटलं हुतं. त्यानं दवाखान्यात यायचं हुतं."

फोन ठेवून मामांनी पूजाकडं पाहिलं. "तुझ्या मनात हाय का ही सोयरीक?"

"मला कोण इचारतंय?" पूजा म्हणाली. "बा म्हणतोय, एकीनं घालवलेली इज्जत दुसरीनं भरून काढायची."

"मोबाइल जपून ठिव. कुणाच्या हातात दिऊ नगंस." मामा उठले. "सोमवारच्या आत बघतो."

६

शनिवारी सकाळी फौजदार यशराज निकम मामांबरोबर सरगरांच्या ओट्यावर होते. आकारामला त्यांनी वाटेतच गाडीत घातलं होतं. भामाबाई उंबऱ्यात उभी, विश्वजीत खांबाला टेकून.

"बोला सुभेदार," फौजदार म्हणाले. "मला फोनवर सांगितलंत ते ह्यांच्यापुढं सांगा."

मामा आकारामकडं वळले.

"आकाराम, तू बिरोबाची आण घेतलीस. पाच दिवस, पाच इंजेक्शनं, तुझ्या हातानं. ती आण खोटी न्हाई. पाचबी बाटल्या तू खरंच टोचल्यास. मी फक्त एकच इचारतो. कुणाला?"

आकारामच्या कपाळावरचा भंडारा घामानं ओला झाला. त्यानं भामाबाईकडं पाहिलं.

"तू सोनियाचं नाव एकदाबी घेतलं न्हाईस. म्हनलास, पैल्या दिशी लय कालवा झाला. सोनिया तर सांगती, मुंगी चावल्यागत वाटलं. कालवा माडीवर झाला हुता. सोनियानं तो खाली चुलीपाशी ऐकला." मामांनी विश्वजीतकडं बोट केलं. "ह्याच्या गुडघ्यात त्योच रोग उतरला हुता. गाडीवरनं पडल्याली बतावणी, गाडीला ओरखडा न्हाई. हाताच्या पाठीवर फोडांचे डाग, आजून दिसत्यात. सोनियाला सोडलं त्या दिशी ह्याला धड पाऊल टाकता येत नव्हतं. तीन आठवड्यांनी दगड घिऊन तीन पायऱ्या एका उडीत चढला. कुठल्या दवाखान्यात बरा झाला ह्यो? कुठल्याच न्हाई. सोनियाच्या पाच बाटल्यांनी बरा झाला. आन् तिला तू ताकदीचं पिवळं पानी टोचलंस."

"म्या न्हाई म्हनलो हुतो!" आकाराम एकदम ओरडला. "सुभेदार, बिरोबाशपथ! म्या म्हनलो, आक्का, डॉक्टरची चिठ्ठी लिवून आना, दुसऱ्या पाच बाटल्या विट्यासनं घिऊन येतो. तर म्हनल्या, दुकानदार नाव लिवून घेतोय, विट्यात समदे सोयरेधायरे, पोराचं नाव तितं नगं. सून बरी झाल्याली हाय, तिला आता ताकदीचं दे."

"गप ए!" भामाबाई म्हणाली. पण तिचा आवाज आता पहिल्यासारखा धारदार नव्हता.

फौजदारांनी विचारलं, "खरं आहे का, भामाबाई?"

तिनं ओट्याची कड धरली आणि खाली बसली. मग बोलली ती कुणाकडंही न बघता.

"ती उठून हिंडाय लागली हुती. भाकरी थापत हुती, पानी भरत हुती. ताप न्हाई, सूज न्हाई. मला वाटलं, झाली बरी. आन् पोरगा माजा माडीवर पडून हुता, पाय हलवाय येत नव्हता. दवाखान्यात चल म्हनलं तर म्हनायचा, जीव दीन पर जाणार न्हाई. तिनंच सांगिटलं. त्योच रोग हाय, त्येच औषध लागतंय. तिनं सांगिटलं म्हनून तर मला कळलं. बाटल्या घरात हुत्या. आनखी काय इचार करायचा?"

"कागदावर लिहिलं हुतं, आक्का. बरं वाटलं तरी सात दिवस पुरे करा. लाल शाईनं."

"मला वाचाय येत न्हाई."

"ह्याला येतंय."

सगळे विश्वजीतकडं वळले. तो खांबाजवळच होता.

"तुला म्हाईत हुतं, तुझ्या अंगात जातंय ते कुणाचं औषध हाय ते?" मामांनी विचारलं.

"आई म्हनली..."

"मी आईचं इचारत न्हाई."

"म्हाईत हुतं," विश्वजीत म्हणाला. "तिला बरं वाटत हुतं. म्या रोज इचारायचो. ती म्हनायची, बरं हाय."

"आन् पुन्हा ताप आला तवा? दम लागाय लागला तवा? आठ दिवस घरात ठिवलीस तिला. इस्लामपुराला का न्हाई आणलीस?"

उत्तर फौजदारांनीच दिलं.

"आणली असती तर डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता, सातही इंजेक्शनं झाली का?" त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "चला. तिघंही."

भामाबाई उठताना पोराकडं बघत होती. विश्वजीतनं एकदाही तिच्याकडं पाहिलं नाही.

७

सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. डॉ. प्रांजलवरची तक्रार निकालात निघाली. पण काचा बसवून झाल्या तरी डॉक्टर चार दिवस केबिनमध्ये नुसत्या बसून असायच्या. "नवऱ्याला त्याच दिवशी, तिथंच एक इंजेक्शन द्यायला हवं होतं मी," त्या एकदा म्हणाल्या. मामा म्हणाले, "त्यानं घेतलं नसतं, मॅडम." त्या म्हणाल्या, "माहीत आहे."

सोमवारी मामा माळावर गेले. साखरपुडा होणार नव्हताच. तरी ही बातमी पोलिसाच्या तोंडून जाण्यापेक्षा आपण सांगावी, असं त्यांना वाटलं.

अर्जुना मेंढरं कातरत होता. त्यानं या खेपेला जा म्हटलं नाही. मामांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. रोग कुणी आणला, पोरीनं नवऱ्याला काय सांगितलं, औषध कुणी घेतलं. दारात अंजना आणि पूजा उभ्या राहून ऐकत होत्या. अर्जुनाच्या हातातली कातर कधी थांबली, ते त्यालाही कळलं नाही. अर्धं कातरलेलं मेंढरू सुटून वाड्यात पळालं.

"म्हंजी," तो म्हणाला, "माजी पोर चांगली हुती."

"चांगलीच हुती, अर्जुनदा. रोग तिच्याकडनं आला आसता तरीबी चांगलीच हुती. रोगाला चांगलं-वंगाळ कळत न्हाई."

"तेवढं मोठं मला सांगू नगा. मला झेपत न्हाई." त्यानं तळहातानं तोंड पुसलं. लोकर गालाला चिकटली. "सांगलीत त्यांनी तोंडावरलं कापड काढलं. म्हनले, बाप हाय का, वळखा. म्या तोंड फिरिवलं. लाज वाटली मला. म्हनलो, हिच्या आईला दावा. म्या न्हाई बघिटलं. शेवटचं म्हनूनबी न्हाई बघिटलं तिला."

मामांनी आयुष्यात पुष्कळ बापांना पुष्कळ बातम्या सांगितल्या होत्या. एखाद्या बापाकडून असं ऐकण्याची ही पहिलीच वेळ होती.

अंजना दारातून खाली उतरली. सोनिया गेल्यापासून या नवरा-बायकोत एक शब्द झाला नव्हता. ती लोकरीच्या ढिगाला वळसा घालून आली आणि नवऱ्याजवळ मातीत बसली.

"डोळं मिटल्यालं हुतं तिचं," ती म्हणाली. "निजल्यावानी. केस कुणीतरी नीट मागं बांधलं हुतं. नर्सबाईनं आसंल. डाव्या गालावर उशीचा वळ उठला हुता, बारकी आसताना उठायचा तसा. मी हात लावला. गार हुता, पर मऊ हुता."

अर्जुना ऐकत होता. मान खाली, हात गुडघ्यांवर.

"आजून सांग," तो म्हणाला.